शिकाऊ कामगार नव्हे : नंदांचा कायदा आणि उद्यमबागेतली एक फाउंड्री

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम १८ अगदी छोटं आहे. नेमून दिलेल्या ट्रेडमध्ये कारखान्यात शिकणारा उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होणार नाहीत, एवढंच ते सांगतं. हा कायदा झाला तेव्हा केंद्रात कामगारमंत्री होते गुलझारीलाल नंदा. १९२२ पासून १९४६ पर्यंत अहमदाबादच्या मजूर महाजन संघाचं चिटणीसपद त्यांनी सांभाळलं होतं. गिरणी कामगारांची बाजू लढवण्यात ज्यांची उमर गेली, त्यांच्याच कारकिर्दीत कारखान्यातल्या पोराला ‘तू कामगार नव्हेस’ असं सांगणारा कायदा का झाला? आणि साठ वर्षांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, त्याच कलमाशी गाठ पडल्यावर काय झालं? या प्रकरणात एवढंच तपासायचं आहे.

बेळगावात कामगार संघटनांचे अर्ज, मागणीपत्रं, करारांचे मसुदे लिहिण्याचं काम मी करतो. या प्रकरणातले अर्जही माझ्याच हातचे. कारखान्याचं, मुलाचं आणि संघटनेच्या चिटणिसांचं नाव देत नाही. सगळे इथलेच आहेत आणि सगळ्यांना इथेच राहायचं आहे.

काय घडलं

मुलगा खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. सरकारी आयटीआयमधून फाउंड्रीमनचा एक वर्षाचा ट्रेड त्याने पूर्ण केला आणि उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत वर्षभराच्या करारावर शिकाऊ म्हणून लागला. करार ऑनलाइन, इंग्रजीतून. मुलाला शाळेमुळे कन्नड वाचता येत होतं, इंग्रजी जेमतेम. वडिलांना मराठीच. वाचून कुणी दाखवला नाही, सह्या मात्र झाल्या.

करारात साचेकाम, कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) बनवणं, भट्टी, ओतणं असं सगळं होतं. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यापासून त्याला फेटलिंगला उभं केलं. ज्यांनी फाउंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साचा फोडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाहेर काढलं की त्याला रनर, रायझर (धातू आत जायच्या आणि साठायच्या वाटांत गोठलेले तुकडे) चिकटलेले असतात, कडेला धातूचा पातळ पापुद्रा आलेला असतो. ते सगळं तोडून, ग्राइंडरने घासून माल साफ करायचा, म्हणजे फेटलिंग. धूळ, ठिणग्या आणि आवाज. काम गरजेचं आहे आणि त्यातही हात लागतो, पण दोन-तीन आठवड्यांत जे यायचं ते येऊन जातं. पुढे फक्त नग वाढतात.

फाउंड्रीची खरी विद्या साच्यात आहे. वाळूत ओल किती हवी हे जुना मोल्डर, म्हणजे साचे करणारा कारागीर, मूठभर वाळू दाबून, तिचा गोळा मधोमध मोडून ठरवतो. मोड स्वच्छ आला, कडा ढासळल्या नाहीत, तर वाळू बरोबर. ओल जास्त झाली की ओतताना वाफ कोंडते आणि कास्टिंगमध्ये भोकं पडतात. ठोकणी कमी झाली तर साचा फुगतो. जास्त झाली तर वायूला वाट राहत नाही. लॅबमध्ये मशीनवर हे सगळं मोजता येतं, मोजायलाही हवं, पण बोटांना ते कळायला महिने जातात. ते महिने मुलाच्या वाट्याला आलेच नाहीत.

सात-आठ महिने असे गेल्यावर एका दुपारी तो गेटवर चिटणिसांना भेटला. त्यांना सगळे मामा म्हणतात, तोही म्हणाला, “मामा, ग्राइंडर धरूनच वर्ष संपतंय की माझं. परीक्षेला साचा करायला सांगितला तर काय करू?” बोलता बोलता आणखी दोन गोष्टी निघाल्या. फेटलिंगचा ठेकेदार त्याला रोजचे नग ठरवून देत होता, आणि माल पाठवायच्या दिवशी पाळी संपल्यावरही थांबवून घेत होता.

मामा स्वतः मोल्डर. त्यांनी संघटनेच्या कमिटीत विषय काढला आणि पहिलंच उत्तर आलं, “तो आपला सभासद नाही.” उत्तर चुकीचं नव्हतं. कायद्याने तो कामगारच नसेल तर त्याच्या तक्रारीवर औद्योगिक विवाद उभा राहत नाही. शिवाय वेतन कराराची बोलणी चालू होती आणि एका परक्या पोरासाठी ती अडकवायला कमिटीतले काहीजण तयार नव्हते. त्यांना मी दोष देत नाही. तीन वर्षांनी एकदा येणारा करार घर चालवणाऱ्या माणसासाठी किती मोठा असतो, हे मी अनेकदा जवळून पाहिलं आहे.

नंदांनी असं का केलं

नंदा सियालकोटचे, जन्म १८९८. अलाहाबादला कामगार प्रश्नांवर संशोधन केलं, मुंबईच्या नॅशनल कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, असहकारात उतरले आणि १९२२ मध्ये अहमदाबादला गेले. अनसूया साराभाई आणि गांधीजींच्या पुढाकाराने १९२० मध्ये उभा राहिलेला मजूर महाजन हा मजुरी आणि बोनसपुरता संघ नव्हता. कामगारांच्या मुलांच्या शाळा, रात्रीचे वर्ग, वाचनालयं हेही त्याचं काम होतं. संघटना आणि शिक्षण एकाच चिटणिसाच्या टेबलावर असायचं. पुढची सगळी कारकीर्द त्या टेबलावरून निघालेली आहे, असं मला वाटतं.

१९४६ ते १९५० ते मुंबई प्रांताचे कामगारमंत्री होते. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतातच होता, म्हणजे दिल्लीला जाण्याआधी नंदा आपलेही कामगारमंत्री होते. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा त्यांनीच पुढे रेटला.

आयटीआयची जडणघडण या काळातली. जुलै १९४५ मध्ये केंद्राने सैन्यातून सुटलेल्या जवानांच्या आणि युद्धकामगारांच्या पुनर्वसनासाठी एक संचालनालय काढलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र ज्या गावात आहे तिथे सुटून आलेला जवान म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. त्या पुनर्वसनाच्या कामातूनच पुढे १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना आली. १९५२ मध्ये या सगळ्या यंत्रणेची तपासणी करायला समिती नेमली गेली. अध्यक्ष बी. शिवा राव, मूळ मंगळूरचे, मद्रासच्या कामगार चळवळीत मुरलेले. त्या वेळी कामगारमंत्री होते व्ही. व्ही. गिरी, तेही आयटक या कामगार संघटनांच्या देशव्यापी महासंघाचे माजी अध्यक्ष. गिरींनंतर १९५४ ते १९५७ खंडुभाई देसाई, हेसुद्धा मजूर महाजनातलेच. आणि १९५७ पासून नंदा. देशाच्या सरकारी व्यवसाय शिक्षणाचा पाया घातला गेला त्या दहा-अकरा वर्षांत त्याची सूत्रं लागोपाठ कामगार पुढाऱ्यांच्या हातात होती. आयटीआयच्या इतिहासाविषयी बोलताना हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो आहे.

शिवा राव समितीच्या शिफारशीनुसार रोजगार विनिमय केंद्रं आणि आयटीआय यांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. तारीख १ नोव्हेंबर १९५६. त्याच दिवशी राज्यांची पुनर्रचना अमलात आली, चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातला मराठी माणूस तो दिवस काळा दिन म्हणून पाळतो आणि त्याची कारणं त्याला पाठ आहेत. पण मुलाला धंदा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचा अर्ज कुठे पाठवायचा, तपासनीस कोणत्या शहरातून येणार, तो कोणत्या भाषेत बोलणार, हेही त्याच दिवशी ठरून गेलं. याकडे आपल्या चळवळीने फारसं लक्ष दिलं नाही. शाळांसाठी आपण भांडलो, आणि भांडलो म्हणूनच मराठी माध्यमाची दहावी टिकली. आयटीआयच्या वर्कशॉपपर्यंत ते भांडण पोचलं नाही.

याच १९५६ मध्ये व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषदही स्थापन झाली. केंद्र, राज्यं आणि मालक यांच्या बरोबरीने त्या परिषदेत कामगार संघटनांचे प्रतिनिधी होते. नंदा आले आणि १९५८ मध्ये कामगार शिक्षणाचं केंद्रीय मंडळ निघालं, मुख्यालय नागपूरला. मग १९६१ च्या डिसेंबरमध्ये शिकाऊ उमेदवार कायदा, १ मार्च १९६२ पासून लागू.

कलम १८ एकटं वाचलं तर ते कामगाराच्या विरोधात दिसतं. आसपासची कलमं वाचली की चिटणिसाचा हात दिसायला लागतो. कलम ११ : मालकाने त्या ट्रेडचं शिक्षण द्यायचं, आणि शिकवण्यावर पात्र माणूस नेमायचा. कलम १३ : शिकाऊला विद्यावेतन मिळेल, पण नगावर पैसे द्यायचे नाहीत आणि उत्पादन बोनसच्या योजनेत ओढायचं नाही. कलम १४ : कारखाने कायद्यातली आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाची प्रकरणं त्याला कामगारासारखीच लागू. कलम १५ : ओव्हरटाइम नाही. शिकण्यासाठी किंवा सार्वजनिक हितासाठी तो हवा असेल तर शिकाऊ उमेदवार सल्लागाराची, म्हणजे या कायद्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी घ्यायची. कलम १६ : अपघात झाला तर भरपाई. अंगाला इजा होईल तिथे तो कामगार, आणि नग मोजले जातील तिथे विद्यार्थी, अशी ही विभागणी आहे.

गिरणीत पोरं शिकवण्याच्या नावाखाली कशी राबवली जातात हे ज्याने पाहिलंय, त्यानेच ‘नगावर पैसे नाहीत’ हे लिहावं. नगावर पैसे मिळू लागले की शिकाऊ स्वतःच शिकणं सोडून नगाच्या मागे लागतो, आणि शेजारच्या कायम कामगाराचा रेटही पडतो. म्हणून माझ्या मते कलम १८ ही शिकाऊभोवती घातलेली भिंत होती. तिच्या आत फक्त शिक्षण चालावं, असा त्यामागचा हेतू असावा.

ही भिंत सल्लागाराच्या तपासणीवर उभी आहे. कलम २९ प्रमाणे सल्लागार कारखान्यात येऊन पाहू शकतो, शिकाऊला विचारू शकतो. तो आलाच नाही तर भिंतीच्या आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही, आणि ज्या संघटनेला कळू शकतं तिला कलम १८ ने आधीच बाहेर ठेवलंय. मजूर महाजनात चिटणीस रोज गिरणीच्या दारात असायचा. कायदा करताना ते काम सरकारी अधिकाऱ्यावर सोपवलं गेलं. इथे नंदांचा हिशेब चुकला असं मी म्हणेन.

पुढचं थोडक्यात. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाची तुरुंगवासाची शिक्षा गेली, दंड राहिला. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ठेक्यावरच्या कामगारांसह एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायला सांगितलं. आयटीआय झालेल्याला किमान विद्यावेतन ७,००० रुपये ठरलं. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत त्यातला चौथा हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र देतं. शिकाऊला पीएफ नाही, ईएसआय नाही. फाउंड्रीच्या मालकाला हेल्परपेक्षा शिकाऊ किती स्वस्त पडतो हे मांडायला कागद-पेन्सिल लागत नाही. हे मी रागाने लिहीत नाही. उद्यमबाग, मच्छेतल्या लहान फाउंड्र्यांचा कास्टिंगमागचा नफा किती बारीक असतो तेही मला माहीत आहे. पण सोय झाली की ती वापरली जाते, आणि इथे ती मुलाच्या एका वर्षाच्या किमतीवर वापरली जात होती.

मामांनी काय केलं

संप, गेट मीटिंग यातलं काहीच नाही. त्यांनी कायद्याचं पुस्तक मागून घेतलं आणि रात्री माझ्याकडे बसून कलमं वाचली. मी वाचायचो, ते थांबवायचे, “परत वाचा.” कलम २० वर ते बराच वेळ अडले. करारातून मालक आणि शिकाऊ यांच्यात वाद झाला तर तो सल्लागारापुढे न्यायचा, आणि निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत अपील. म्हणजे वाट होती, पण सही मुलाची लागणार. संघटनेची चालणार नाही.

मुलगा घाबरला, ते साहजिक होतं. वडील म्हणाले, दोन-तीन महिने राहिलेत, गप्प काढ आणि सर्टिफिकेट घेऊन ये. मामा खानापूरला त्यांच्या घरी गेले. जाताना त्यांनी माझ्याकडून कराराचं मराठी करून घेतलं होतं. ते वडिलांना वाचून दाखवलं. ‘साचेकाम’ हे कामांच्या यादीत पहिलं आहे हे कळल्यावर वडिलांचा पवित्रा बदलला. “हे शिकवायचं लिहून दिलंय त्यांनी?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि मुलाला सही करायला सांगितलं.

अर्ज तीन मुद्द्यांचा होता. ट्रेडचं शिक्षण दिलं जात नाही, रोज नग ठरवून दिले जातात, मंजुरी नसताना ओव्हरटाइम घेतला जातो. सोबत मुलाच्या डायरीची पानं जोडली. आयटीआयच्या सवयीने तो रोज काय काम केलं ते लिहून ठेवत होता, आणि त्या डायरीत पानामागून पान एकच शब्द होता, ‘फेटलिंग’. याहून चांगला पुरावा वकिलालाही मिळाला नसता. एक प्रत आयटीआयच्या प्राचार्यांना दिली. प्राचार्य कन्नडभाषक, मामांचं कन्नड बाजारापुरतं. पण दोघांनाही वाळू कळत होती. प्राचार्यांनी स्वतः कारखान्यात जाऊन पाहून येण्याचं कबूल केलं, आणि ते गेले. अर्ज फाइलमध्ये पडून न राहण्याचं खरं कारण ही भेट, असं माझं स्पष्ट मत आहे.

मामांनी दुसरं काम कमिटीत केलं, आणि मला ते जास्त अवघड वाटतं. पोराची दया करा असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी फेटलिंगच्या ठेकेदाराकडची माणसं मोजून दाखवली. वर्षभरात हेल्पर कमी झाले होते आणि शिकाऊ वाढले होते. “आज हेल्परची जागा गेली, उद्या मोल्डरची जाईल. पोराला साचा शिकवला तर तो आपल्याच बाजूचा मोल्डर होतोय. नाही शिकवला तर स्वस्तातला ग्राइंडर होऊन आपल्याच डोक्यावर बसतोय.” हे ऐकल्यावर आधी विरोध करणाऱ्यांपैकी दोघांनी विषय मागणीपत्रात घालायला हात वर केला.

काय मिळालं, काय नाही

सल्लागाराच्या कार्यालयातून कारखान्याला पत्र आलं. त्याआधीच व्यवस्थापनाने मुलाला मोल्डिंगला पाठवलं होतं. प्राचार्यांची भेट आणि डायरीची पानं पाहिल्यावर वाद वाढवण्यात त्यांना अर्थ दिसला नसावा. उरलेल्या काळात तो एका जुन्या मोल्डरच्या हाताखाली होता. परीक्षा पास झाला. पण आठ महिन्यांचं शिक्षण दोन-तीन महिन्यांत भरून निघत नाही, आणि निघालं असं मी इथे लिहिणार नाही. कारखान्याने त्याला ठेवून घेतलं नाही. कलम २२ प्रमाणे ठेवून घेण्याची सक्तीही नाही. २०१४ नंतर मालकाने भरतीचं स्वतःचं धोरण ठरवायचं, एवढंच त्यात आहे. मुलगा आता कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत साच्यावर आहे.

वेतन करारात मात्र एक नवं कलम आलं. प्रत्येक शिकाऊला कोणत्या महिन्यात कोणत्या खात्यात ठेवणार त्याचा तक्ता नोटीस बोर्डवर लावायचा. फेटलिंग आणि नॉकआउटवर (साचा फोडून कास्टिंग काढण्याच्या कामावर) एका मर्यादेपलीकडे ठेवायचं नाही. आणि प्रत्येक शिकाऊमागे एका कायम मोल्डरचं नाव लिहायचं, त्याला शिकवण्याचा वेळ उत्पादनाच्या हिशेबातून वगळून द्यायचा. शेवटची अट मामांनी सर्वात जास्त ताणली. शिकवणाऱ्याचे नग कापले जात असतील तर तो शिकवणार नाही, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होतं. शिकाऊ कामगार नसल्यामुळे त्याच्यासाठी करार करता येत नव्हता. म्हणून हे कलम शिकवणाऱ्या कामगाराच्या कामाच्या अटी म्हणून लिहिलं. मसुदा करताना मला यात सर्वात जास्त समाधान मिळालं.

मामा आता निवृत्त आहेत. कराराच्या हंगामात आयटीआयमधून उद्यमबागेत येणाऱ्या मुलांच्या पालकांना ते कराराचं मराठी वाचून दाखवतात, आणि प्राचार्य त्यासाठी वर्ग उघडून देतात. आयटीआयच्या व्यवस्थापन समितीवर कामगार प्रतिनिधी असावा, असा अर्ज आम्ही दिला आहे. सरकारी-खासगी भागीदारीच्या योजनेतल्या समितीचा अध्यक्ष उद्योगाचा असतो, सदस्य उद्योगाचे आणि सरकारने नेमलेले असतात. कामगार संघटनेसाठी त्यात वेगळी जागा नाही. १९५६ च्या राष्ट्रीय परिषदेत जी होती ती गावातल्या संस्थेत नाही.

फाउंड्रीत पुढच्या कराराची बोलणी चालू आहेत. मागणी एकच नवी आहे : भरती होईल तेव्हा इथेच शिकलेल्या उमेदवारांना, बाकी पात्रता समान असल्यास, आधी घ्यावं आणि त्यांची बॅचप्रमाणे यादी ठेवावी. उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या शिकाऊंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हेच तत्त्व मांडलं. व्यवस्थापनाचं म्हणणं आहे की तो निकाल सरकारी महामंडळाचा, खासगी फाउंड्रीला तो बांधील नाही. पुढच्या बैठकीसाठी त्या निकालाचं मराठी भाषांतर कमिटीने माझ्याकडे मागितलं आहे.